पवनेकाठची मॅच

मयूरा नेहमी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसायची. दुपारी भेटली तरी, कुणाच्या लग्नाच्या पार्टीत भेटली तरी. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची. समोरच्याला वाटायचं, संपलं. आपण तोंड उघडावं तर तिचं उरलेलं वाक्य सावकाश बाहेर यायचं. वेस्टमीडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची. उंच, रुंद खांद्यांची, भरलेल्या अंगाची, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. माझा नवरा अजित म्हणायचा, "नुपूर, ही जिन्यावरून उतरते की जिनाच हिच्याखालून निघून जातो, मला कळत नाही."

ती मूळची चिंचवडची. मास्टर्सला म्हणून सिडनीला आली, मग पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मग पॅरामॅटापलीकडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. स्वॅब तपासायचे. शिफ्ट पहाटेची, त्यामुळे दुपारी ती मोकळी असायची आणि दुपारभर पेंगत असायची. शिवाय युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, एक पार्टटाइम कोर्स चालू होता, तो बरीच वर्षं चालू होता. "संपव की गं एकदाचा," मी म्हणायचे. "संपेल," ती म्हणायची, आणि थोड्या वेळाने, "आपोआप."

तर अशी ही मयूरा, दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत, पॅरामॅटाच्या पार्कमध्ये झाडाखाली बॅग उशाशी घेऊन झोपली होती. शिफ्ट संपवून ती ट्रेन न घेता नदीकाठाने चालत यायची आणि वाटेत हमखास कुठेतरी आडवी व्हायची. जाग आली ती काहीतरी कानाशेजारी धप्पकन पडल्याने. डोळे उघडून बघते तर गवतात एक तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता बॉल. सोललेल्या नारळासारखा. त्याच्यामागे धावत एक मुलगी आली, कुरळ्या केसांचा भलामोठा अंबाडा बांधलेली. तिने सॉरी म्हटलं, बॉल उचलला, दोन पावलं गेली, आणि परत वळली.

"जरा उभी राहतेस?"

मयूरा उभी राहिली. कुणी उभं राहायला सांगितलं तर का, असं विचारणाऱ्यातली ती नव्हतीच.

"वाव," ती मुलगी म्हणाली. "तू युनिची आहेस का गं?"

ही लोसा. सामोअन घरातली, ब्लॅकटाउनला वाढलेली, आणि पश्चिम सिडनीतल्या एका युनिच्या बायकांच्या अमेरिकन फुटबॉल टीमची कॅप्टन. इथे या खेळाला ग्रिडआयर्न म्हणतात. हेल्मेट घालून, खांद्यांवर ढालीएवढे पॅड बांधून एकमेकींच्या अंगावर जायचं, आणि तो नारळ पलीकडच्या टोकाला नेऊन पोचवायचा. ऑस्ट्रेलियात हा खेळ तसा कुणी खेळत नाही. खेळायच्या त्या बाहेरून आलेल्या मुली, कॅनडाच्या, अमेरिकेच्या, कोरियाच्या. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या, त्या मुली मिळेल त्या विमानाने घरी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. एकेकाळी फायनल खेळलेली टीम आता पार्कात झोपलेल्या बायकांना उठवून भरती करत होती.

"नियम सोपा आहे," लोसा म्हणाली. "तू सगळ्यांच्या मध्ये वाकून उभी राहणार. बॉल पायांमधून मागे माझ्याकडे देणार. मग समोरून ज्या येतील त्यांना माझ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. बस."

"आणि मी बॉल घेऊन पळायचं कधी?"

"तू नाही पळायचं. तू भिंत."

मयूराला ते बरं वाटलं. ती मला संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा तिच्या केसांत गवत होतं. "मी एका टीममध्ये गेले," ती म्हणाली. मी तीनदा विचारलं, कसली टीम. तिलाही नीट सांगता आलं नाही.

टीमचं नाव होतं आयबिस. सिडनीत राहणाऱ्या प्रत्येकाला हा पक्षी माहीत आहे: पांढरा, काळ्या मानेचा, लांब वाकडी चोच असलेला, आणि ती चोच सदा कचऱ्याच्या डब्यात. लोक त्याला बिन चिकन म्हणतात. कधीतरी कुणीतरी गंमत म्हणून टीमला ते नाव दिलं आणि ते चिकटलं. कोच होती ट्रिश, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. ती मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून ओरडायची.

प्रॅक्टिस संध्याकाळी असायची. मयूरा गाडी चालवत नसे, म्हणून कधीकधी मी तिला आणायला जायचे. पार्कात उन्हं कलली की नदीकाठच्या झाडांवरून वटवाघळं उठायची. एक, दोन, मग आकाश भरून. खाली पिवळ्या जर्सीतल्या दहाबारा बायका एकमेकींवर आदळतायत, वर ही काळी पाखरं मुकाट पश्चिमेकडे चाललीयत, आणि मधोमध मयूरा वाकून, डोकं पायांत घालून उभी. ती मला एकदा म्हणाली, "तसं वाकलं ना नुपूर, की सगळं उलटं दिसतं. लोसाचे गुडघे वर, आणि आकाश खाली. वटवाघळं माझ्या पायाखालून जातात." मग थांबली. मला वाटलं संपलं. "कुणाच्या अंगावर जायची भीतीच वाटत नाही मग. ते सगळं दुसऱ्या कुठेतरी चाललेलं असतं."

मार्चमध्ये मॅचेस सुरू झाल्या, आणि आयबिस हरायला लागल्या.

त्या थोड्याथोडक्याने हरत नसत. पहिल्या मॅचला समोरची टीम समुद्राकडच्या भागातली, ताज्या, उन्हात भाजलेल्या पोरी. त्यांनी चाळीस गुण ओलांडले तेव्हा आमच्या नावावर शून्य होतं. दुसऱ्या मॅचला आमच्या एकीने बॉल घेऊन चुकीच्या दिशेला धाव घेतली. तिसऱ्या मॅचला लोसा नव्हती, कारण ती शहरातल्या क्वारंटाइन हॉटेलात रिसेप्शनला कामाला होती आणि तिच्या शिफ्टमधल्या कुणालातरी ताप आला म्हणून सगळ्यांना घरी बसवलं होतं. बदली खेळाडू नव्हत्याच. कुणी लंगडत बाहेर आली की समोरची टीम आपली एक पोरगी आम्हाला उधार द्यायची.

आणि तरी ते दिवस सुंदर होते. शनिवारची दुपार, इथल्या उलट्या ऋतूंमधलं, शरदातलं मऊ ऊन, कडेला तव्यावर सॉसेजेस परततायत, त्यांचा वास, मॅगपाय पक्ष्यांची शीळ. सगळ्या जगात माणसं घरात कोंडलेली, आणि इथे जणू कुणी हा देश कापसात गुंडाळून बाजूला ठेवून दिला होता. मी खुर्ची टाकून बसायचे आणि मला कळायचं नाही की आपण जागे आहोत की कुणाच्यातरी स्वप्नात पाहुणे म्हणून आलोय.

मॅच झाली की मयूरा माझ्या गाडीत बसून चिंचवडला फोन लावायची. तिकडे सकाळ असायची. तिचे बाबा, पद्माकर, कंप्रेसरच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले. शेजारी मोहनकाका. त्याच कारखान्यातले, त्याच कॉलनीतले. दोघं रोज पहाटे पवनेच्या घाटापर्यंत चालत जायचे आणि येऊन मयूराच्या घरच्या गॅलरीत चहा प्यायचे. फोन स्पीकरवर असायचा.

"आज किती?" बाबांचा पहिला प्रश्न.

"शून्य."

"तुमचे झाले. त्यांचे?"

ती आकडा सांगायची. तिकडे थोडा वेळ शेंगा सोलल्याचा आवाज. मग मोहनकाका, "अरे पद्माकर, मागच्यापेक्षा कमी आहे. पोरी सुधारतायत."

"बॉल एकदा तरी हातात आला का तुझ्या?" बाबा विचारायचे.

"बाबा, प्रत्येक वेळी माझ्याच हातात असतो. मी मागे देते."

"ते नाही गं. घेऊन पळायला."

"मी भिंत आहे, बाबा."

"भिंतीला काय बघायचं," बाबा म्हणायचे, आणि मोहनकाका खो खो हसायचे.

एप्रिल लागला, आणि त्या फोनमधल्या आवाजांच्या मागे ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकू यायला लागले.

त्या महिन्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांची माणसं तिकडे होती त्यांना सगळं आठवतं. मयूरा लॅबमध्ये रॅकच्या रॅक तपासायची आणि सगळे निगेटिव्ह. अख्ख्या सिडनीत तेव्हा जवळजवळ कुणालाच कोविड नव्हता. "दिवसभर निगेटिव्ह बघते," ती म्हणाली, "आणि लॉकरमधून फोन काढला की..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही. मी वाट पाहिली.

आधी मोहनकाकांना ताप आला, मग दोन दिवसांनी बाबांना. ऑक्सिजन उतरला. आईने आणि कॉलनीतल्या मुलांनी मिळून कशीबशी दोघांना जागा मिळवली, दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत. इथून कुणाला जाता येत नव्हतं. देश सोडायला परवानगी लागायची. मिळून ती गेली असती, तरी परत यायचा रस्ता नव्हता, कारण इंडियाची विमानं बंद. मयूराने परवानगीचा अर्ज केला, तो कुठेतरी पोचला, आणि तिथेच राहिला. ती शिफ्टला जायची, यायची. जिन्यात पूर्वीसारखीच दिसायची, झोपेतून उठल्यासारखी. फक्त आता ती झोपलेलीच नसायची.

मोहनकाका एका गुरुवारी गेले. आईने मयूराला सांगितलं, आणि बजावलं, "बाबांना कळू देऊ नकोस. ते रोज विचारतात मोहनचं. मी सांगते, त्याच्या वॉर्डात फोन लागत नाही."

शनिवारी मॅच होती. मी धरूनच चालले होते की ती जाणार नाही. अजितला म्हटलं, आज तिच्यासाठी काहीतरी गरम करू, वरणभात नेऊन देऊ. तेवढ्यात बेल वाजली. दारात मयूरा, पाठीवर ती भलीमोठी बॅग, हातात हेल्मेट.

"चल," ती म्हणाली.

गाडीत तिने हेल्मेट मांडीवर घेतलं. मॅचमध्ये मी तिच्याकडेच बघत होते. ती वाकायची, बॉल मागे द्यायची, सरळ व्हायची, अंगावर येणाऱ्या बाईला दोन्ही हातांनी थोपवायची, पुन्हा वाकायची. चेहऱ्यावर काही नाही. समोर न्यूकॅसलकडची कुणीतरी धिप्पाड पोरगी होती. ती तिसऱ्या-चौथ्या वेळी मयूराला म्हणाली, "मेट, तू बरी आहेस ना?" मयूरा म्हणाली, "हो. ये." आणि पुन्हा थोपवलं तिला. अर्थात आयबिस हरल्या.

मॅचनंतर गाडीत बसून तिने फोन लावला. बाबांच्या वॉर्डातला एक ब्रदर भला होता. पीपीईच्या आतून घामाने निथळत तो पेशंटसमोर फोन धरायचा. त्या दिवशी स्क्रीनवर आधी छत आलं, मग पडदा, मग बाबांचा चेहरा. मास्क हनुवटीवर ओढलेला. डोळे चमकत होते.

"मयू," ते म्हणाले, "काय पळालीस गं काल तू."

"कुठे, बाबा?"

"इथेच की. घाटावर. पाणी पार ओसरलं होतं, मधे सगळी हिरवळ. त्या हिरवळीवर तुमच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. तू बॉल छातीशी धरला होतास, तान्हं बाळ धरतात तसा. उजव्या अंगाने निघालीस. सगळ्या मागे. एकीला सापडली नाहीस."

"बाबा, मी बॉल..." मयूरा म्हणाली आणि थांबली.

"सगळी कॉलनी आली होती बघायला. मोहन पण होता की. माझ्या शेजारीच, पायरीवर. पाय पाण्यात सोडून. मी म्हटलं, अरे चप्पल वाहून जाईल तुझी. तर म्हणतो कसा, जाऊ दे, आता काय करायचीय."

मी बाहेर बघत होते. मैदानावर ट्रिश एकटीच प्लॅस्टिकचे नारिंगी कोन गोळा करत होती, एकात एक घालत.

"मग बाबा," मयूरा अगदी हळू म्हणाली, "काका खूश होते का?"

"तो? टाळ्या काय वाजवत होता! ती बघ, म्हणाला, आपली भिंत निघाली." बाबांना धाप लागली. ब्रदरचा आवाज आला, "मॅडम, मास्क लावायचाय त्यांना, नंतर करा." पुन्हा छत, पडदा, आणि बंद.

मी गाडी सुरू केली नाही. मयूरा म्हणाली, "पाणी ओसरलं की तिथे चिखल असतो नुपूर. हिरवळ नसते." आणि मग रडली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. रडतानाही ती सावकाशच रडत होती, जणू ते सगळं बाहेर यायला लांबून चालत येत होतं.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी झाला की असं होतं, माणसं काहीबाही बघतात. मयूराला ते माहीत होतंच, तिचं शिक्षणच त्यातलं. तरी तो घाट तिच्या मागे लागला. लॅबमध्ये नळ्या लावताना, ट्रेनची वाट बघताना, तिला ती हिरवळ दिसायची. काका पायरीवर, पाण्यात पाय. एका प्रॅक्टिसला तिने हे लोसाला सांगितलं. मला वाटलं होतं, ती पोरगी काय बोलणार यावर. लोसाने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठल्या बाजूने पळालीस म्हणाले?"

"उजव्या."

"ओके. मग उजवीकडून काढू तुला एकदा."

"लोसा, ते भ्रमात होते."

"माझी आजी रोज सकाळी आजोबांशी भांडते," लोसा म्हणाली. "ते जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांनी काही सांगितलं तर आम्ही घरात ऐकतो. उगाच कशाला वाद."

ट्रिशने मात्र नाही म्हटलं. मधली, सेंटरची जागा कोण सांभाळणार? आधीच हरतोय. लोसा म्हणाली, "तेच ना. आधीच हरतोय." ट्रिश म्हणाली, बघू.

मेच्या मध्यावर बाबा घरी आले. काठीने चालत, अर्धे झालेले, पण आले. पहिल्या दिवसापासून त्यांनी मोहनला फोन लावायचा लकडा लावला. शेजारच्या दाराला कुलूप होतं, काकू मुलाकडे गेल्या होत्या. आईला सांगणं होईना. ती चार वेळा त्यांच्या समोर जाऊन बसली आणि चारही वेळा चहा विचारून उठली. शेवटी तिने मयूराला फोन केला. "तूच सांग गं. माझ्याच्याने नाही होत."

त्या दुपारी मयूरा आमच्या बाल्कनीत बसली होती. मी आत जाऊ का विचारलं, ती म्हणाली, बस इथेच. तिने आडवळण घेतलं नाही.

"बाबा, मोहनकाका गेले."

तिकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "कधी?"

"तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा. पहिल्याच आठवड्यात."

"म्हणजे मी रोज विचारत होतो तेव्हा..."

"हो."

खाली रस्त्यावर हॉस्पिटलची शिफ्ट सुटली होती. निळ्या कपड्यांतली माणसं स्टेशनकडे चालली होती. मयूराने दोनदा स्क्रीनकडे बघितलं, लाइन चालू आहे ना म्हणून.

"तुम्ही त्यांना बघितलंत बाबा," ती म्हणाली. "मला सांगितलंत तुम्ही. तुम्हाला आठवत नसेल."

आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. घाट, हिरवळ, पांढऱ्या रेघा, आलेली कॉलनी. बाबांना खरंच काही आठवत नव्हतं. हॉस्पिटलातले ते दिवस त्यांच्या डोक्यातून पुसून गेले होते. ते लहान मुलाने गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते.

"पाय पाण्यात सोडून?" ते मध्येच म्हणाले. "त्याला तर गार पाणी सोसत नाही."

"बसले होते खरे."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, चप्पल वाहून जाईल. तर म्हणाले, जाऊ दे, आता काय करायचीय."

बाबा हसले. हसता हसता तो आवाज बदलला. आई त्यांच्यापाशी आल्याचं ऐकू आलं. मयूराने फोन दोन्ही हातांत धरला. बाबांनी नाक पुसलं आणि विचारलं, "आणि तू खरंच पळालीस?"

"तुम्ही म्हणालात तसं."

"जिंकलात?"

"ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

जूनच्या तिसऱ्या शनिवारी मॅच झाली. थंडी होती, ऊन पातळ. समुद्रकाठच्या बॉन्डायकडे कुणाच्या तरी अंगात नवीन प्रकारचा विषाणू सापडल्याची बातमी त्या आठवड्यात आली होती. मयूराला लॅबमुळे जरा आधीच चाहूल लागली होती. लोक एकमेकांपासून चार हात लांब उभे होते. सॉसेजवाला आला नव्हता. ही शेवटची मॅच ठरणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

समोरची टीम चांगली होती आणि दयाळू होती, म्हणजे त्यांनी दुसऱ्या हाफमध्ये आपल्या कच्च्या पोरी खेळवल्या. तरी आम्ही शून्यावरच. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा लोसाने ट्रिशकडे बघितलं. ट्रिश खुर्चीत बसून बूट न्याहाळत होती. मान वर न करताच तिने हात हलवला: करा काय करायचं ते.

मयूराच्या जागी एक नर्सिंगची पोरगी वाकली. मयूरा लोसाच्या मागे जाऊन उभी राहिली. मैदानाकडे सरळ उभं राहून ती पहिल्यांदाच बघत होती, ते तिने मला नंतर सांगितलं. सगळं किती लांब आणि किती सपाट होतं म्हणे. आकाश वर होतं.

लोसाने बॉल तिच्या पोटाशी दिला. मयूराने तो दोन्ही हातांत कवटाळला आणि निघाली. उजवीकडून. ती काही वेगाने पळणाऱ्यातली नव्हती. पण त्या दिवशी मला ती पळताना पाय जमिनीला लागत नाहीयेत असं वाटलं. तिच्या बाजूच्या दोन आयबिसांनी वाट काढून दिली. एक जण तिच्या दंडाला लोंबकळली आणि सुटली. दुसरी समोर आली, तिला मयूराने तसंच ओलांडलं, जसं झोपेत माणूस पांघरूण बाजूला सारतं. मी खुर्चीवरून उठून ओरडत होते, मराठीत, "पळ! पळ गं!" आणि माझ्या शेजारी उभी असलेली, समोरच्या टीमच्या कुणाची तरी आई, तीही ओरडत होती, "गो, डार्ल, गो!"

मग तिघीजणी एकदम तिच्यावर पडल्या.

रेघ अजून बरीच लांब होती. शिट्टी वाजली. त्या तिघी उठल्या, मयूरा उठेना. लोसा धावत गेली. मी पण गेले. मयूरा उताणी पडली होती, बॉल छातीवर, हेल्मेटच्या जाळीतून डोळे सताड उघडे.

"लागलं का?" लोसाने विचारलं.

"नाही," मयूरा म्हणाली. आम्ही थांबलो. "अजून थोडा वेळ पडू दे."

पुढच्या शनिवारी सिडनी बंद झालं. आठवड्याभरासाठी म्हणाले, मग ते वाढत गेलं, ऑक्टोबरपर्यंत. मोसम रद्द. लीगच्या तक्त्यात आयबिस तळाशी, एकही विजय नाही. आता आमच्याकडे सगळं उलटं झालं. वेस्टमीडवरून हेलिकॉप्टर घिरट्या घालायची, आणि मयूराचे रॅक पॉझिटिव्ह यायला लागले. ती पहाटे जायची आणि अंधार पडता पडता यायची. चिंचवडहून बाबा रोज विचारायचे, "आज किती?" आता तो प्रश्न केसेसचा होता. तिने एकदा सांगितलं, "बाबा, हे नका विचारू." मग ते, जेवलीस का, एवढंच विचारायला लागले.

लोसाच्या घरात सगळ्यांना झाला, आजीलासुद्धा. आजी बरी झाली. पण हॉटेलमधलं काम लोसाला नकोसं झालं आणि ती सगळं आवरून ब्रिस्बेनला बहिणीकडे राहायला गेली. जाण्याआधी, पार्कात भेटायला परवानगी मिळाली तेव्हा, ट्रिश आणि काही जणी चटया टाकून लांब लांब बसल्या होत्या. कुणीतरी लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेले केक, आणले होते. मी मयूराला सोडायला गेले आणि पाच मिनिटं थांबले. कुणी खेळाबद्दल बोलत नव्हतं. ट्रिश तिच्या टोमॅटोंबद्दल सांगत होती. पुढच्या वर्षी टीम उभी राहिलीच नाही. काही जणी दुसऱ्या क्लबात गेल्या. मयूरा गेली नाही. कोर्स मात्र तिने पुरा केला. खरंच आपोआप झाल्यासारखा.

सीमा उघडल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, ती चिंचवडला जाऊन आली.  मग एकदा आमच्याकडे पोहे खाताना सांगितलं. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली म्हणे. आई दारातून बघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, चल, भाजी आणू. ते आता हळू चालतात, दर थोड्या अंतराने थांबतात, थांबलोय असं वाटू नये म्हणून कुणाच्यातरी घराकडे बघत राहतात. तीही थांबायची, त्याच घराकडे बघायची.

भाजीवालीपाशी गर्दी नव्हती. ती बाबांना ओळखायची. "काका, बऱ्याच दिवसांनी. ही कोण, पावणी?"

"माझी मुलगी. सिडनीला असते. लॅबमध्ये." मग बाबा ताठ होऊन म्हणाले, "तिकडे खेळते ती. टीममध्ये."

"काय खेळते?"

बाबांनी मयूराकडे बघितलं. खेळाचं नाव त्यांना कधीच धड आलं नव्हतं.

"ढकलाढकली," ते म्हणाले.

भाजीवालीने मयूराला खालून वर न्याहाळलं, मान डोलावली, आणि कोथिंबिरीची एक जुडी वरून टाकली.